गोव्यातल्या स्टेकहाउसमध्ये स्टेक किती शिजवून मागवावा? मीडियम रेअर की वेल डन?

स्टेकमधून सुटतं ते रक्त असतं का, ही शंका आधी मिटवतो. ताटात उतरणारं लाल पाणी रक्त नसतं. जनावराचं बहुतेक रक्त कापतानाच निघून जातं. हे मांसातलं पाणी, त्यात मायोग्लोबिन हे लाल प्रथिन मिसळलेलं असतं. तेवढ्यासाठी वेल डन, म्हणजे पूर्ण शिजवलेला, मागवू नका.

ऑर्डर देण्याआधी वेटरला दोन गोष्टी विचारा: तुकडा कुठला आणि जाड किती. मांस कितपत शिजवायचं हे त्यावरच ठरतं. गोव्यात बहुतेक ठिकाणी स्टेक म्हणजे अंडरकट. पाठीच्या कण्याखालचा हा स्नायू जनावर फारसा वापरत नाही, म्हणून तो मऊ असतो. पण त्यात चरबी जवळजवळ नसते. त्यामुळे 70 अंशांच्या वर गेला की रस पिळून निघतो आणि तुकडा कोरडा, चिवट होतो. रिबआयचं, म्हणजे बरगड्यांजवळच्या तुकड्याचं, उलट आहे. त्याच्यात चरबीच्या रेषा असतात, त्या वितळायला हव्यात, म्हणून तो मीडियमच चांगला लागतो. रेअर, म्हणजे जेमतेम शिजवलेल्या, रिबआयमधली चरबी तोंडात मेणासारखी चिकटते.

आतलं तापमान साधारण असं: रेअर 50 अंश सेल्सिअस, मीडियम रेअर 55, मीडियम 60 ते 63, वेल डन 71 च्या पुढे. जाडी किमान अडीच-तीन सेंटीमीटर हवी. सेंटीमीटरभर पातळ तुकडा बाहेरून खरपूस होईपर्यंत आत पूर्ण शिजून गेलेला असतो. तिथे मीडियम रेअर मागण्यात अर्थ नाही.

आता गोव्यापुरतं. इथे 1978 च्या कायद्याने गाय कापायला बंदी आहे, त्यामुळे स्थानिक बीफ बैलाचं किंवा म्हशी-रेड्याचं. स्थानिक ताज्या अंडरकटला मी मीडियमच सुचवेन, कारण पट्टकृमीच्या गाठी मांसाच्या आत असतात आणि त्या मरायला 60 अंशांच्या आसपास जावं लागतं. खात्रीच्या जागी, नीट गोठवून ठेवलेलं मांस असेल तर मीडियम रेअर खुशाल मागवा. खिम्याचा बर्गर मात्र पूर्ण शिजलेलाच हवा: अख्ख्या तुकड्यात जंतू पृष्ठभागावर असतात आणि तव्यावर मरतात, खिमा करताना तेच आतपर्यंत मिसळतात. गरोदर बाई, लहान मुलं आणि वयस्कर माणसं यांच्यासाठी स्टेकही वेल डनच सांगा.

एक गोष्ट आवर्जून सांगा: स्टेक सिझलरच्या तापलेल्या लोखंडी ताटात नको, साध्या प्लेटमध्ये द्या. त्या लोखंडावर मांस शिजतच राहतं आणि मीडियम मागवलेला स्टेक निम्मा संपेपर्यंत वेल डन होतो. मिरीचा किंवा मशरूमचा सॉसही वाटीत वेगळा मागा. वरून ओतला की खरपूस पापुद्रा भिजून मऊ पडतो, आणि स्टेकची खरी चव त्या पापुद्र्यातच असते.

प्लेट आली की पहिला काप मधोमध घ्या, कडेला नको. मीडियममध्ये मध्यभाग गुलाबी आणि गरम दिसतो. लाल आणि गार असेल तर बिनधास्त परत पाठवा, दोन-तीन मिनिटांत तो नीट होऊन येतो. जास्त शिजलेला मात्र मागे नेता येत नाही, तो नवाच करावा लागतो. म्हणून मन दोन पायऱ्यांमध्ये अडलं तर कमी शिजवलेलाच मागवा.