शेठना सांगा, कार्बनचा तक्ता खतावणीतूनच निघतो

बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या तुमच्या लहान रसायन कारखान्याकडे मोठ्या ग्राहकाने कार्बनचा तक्ता, म्हणजे वर्षभरात किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला त्याचा हिशेब, मागितलाय आणि शेठ म्हणतात, हे अकाउंट्सचं काम नाही. बडोद्यात बावीस वर्षं कारखान्यांचे हिशेब लिहितोय, म्हणून ठामपणे सांगतो: काम आपलंच आहे.

ग्राहकाचीही गरज आहे. सेबीने 2022-23 पासून पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर अहवाल, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल, सक्तीचा केला. तुमचा माल त्यांच्या स्कोप 3 मध्ये, म्हणजे पुरवठादारांकडून वगैरे होणाऱ्या अप्रत्यक्ष उत्सर्जनात, येतो.

गणित अवघड नाही. डिझेल लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, ग्रिडची वीज युनिटमागे साधारण 0.7 किलो. विजेचा ताजा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण जाहीर करतं. कोणत्या वर्षाचा घेतला ते तक्त्यावर लिहा. खरी अडचण आपल्या व्हाउचरमध्ये आहे. तिथे फक्त रुपये असतात, आणि भाव बदलत गेला की रुपयांवरून लिटर काढता येत नाहीत. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्वांटिटीची सोय आहे, ती वापरा. डिझेल, गॅस, वीज, पाणी, स्लज (सांडपाण्याचा गाळ), प्रत्येक बिलावरचं माप रकमेबरोबर चढलंच पाहिजे.

सॉल्व्हंटकडे, म्हणजे विरघळवायला वापरतात त्या उडून जाणाऱ्या द्रवांकडे, मात्र जास्त वेळ द्या. एका युनिटमध्ये टोल्युइन या सॉल्व्हंटची सगळी खरेदी 'कच्चा माल' खात्यात जायची. आम्ही दर महिन्याला सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा काढला, त्यातून मॅनिफेस्टवर (घातक कचरा पाठवतानाच्या कागदावर) बाहेर गेलेलं आणि मालात राहिलेलं वजा केलं. उरलेलं हवेत गेलं होतं! किलोला खरेदीचा भाव लावून तो कागद मालकांपुढे ठेवला, तेव्हा कंडेन्सरची (वाफ थंड करून परत द्रव करणाऱ्या यंत्राची) दुरुस्ती त्यांनी स्वतःहून काढली. त्याआधी पर्यावरणाची माणसं दोन वर्षं तेच सांगत होती.

सांडपाण्याचा खर्चही 'किरकोळ' खात्यात टाकू नका, ज्या मालामुळे पाणी निघतं त्याच्यावर चढवा. इथलं प्रक्रिया केलेलं पाणी सुमारे 56 किलोमीटरच्या चॅनेलने खंभातच्या आखाताकडे जातं, वाटेत गावं आहेत, शेतं आहेत. कोणता माल किती पाणी घाण करतो, हे भाव ठरवताना शेठना दिसायला हवं.

तक्ता पाठवण्याआधी एक करा. 30 सप्टेंबरपर्यंत प्रदूषण मंडळाकडे जाणारा फॉर्म 5, म्हणजे वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र, काढा. त्यात पाणी आणि कच्च्या मालाचा वापर लिहिलेला असतो. तो खतावणीशी जुळत नसेल, तर आधी तो फरक सोडवा. अंदाजाने भरलेला तक्ता ग्राहकाच्या ऑडिटरपुढे टिकत नाही.