मूलपेशी, मूळपुरुष आणि 'पेशी वाढल्या'

प्रश्न असा आला आहे: बीपीमुळे वडिलांचं हृदय मोठं झालंय. हृदयाची दुरुस्ती मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडतात त्या) करतात, असं वाचलं. मग हृदय मोठं झालं म्हणजे या पेशी वाढल्या का? आणि शब्द 'मूलपेशी' की 'मूळपेशी' की 'स्कंधपेशी'?

आधी शब्द. १८६८ मध्ये एर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने 'श्टामत्सेल' हा शब्द वापरला. 'श्टाम' म्हणजे झाडाचं खोड आणि कुळही. जर्मनमध्ये वंशवृक्षाला 'श्टामबाउम'च म्हणतात. हेकेलला अभिप्रेत होता तो सगळ्या सजीवांचा एकपेशीय पूर्वज. इंग्रजीने त्यातलं खोड उचललं, म्हणून 'स्टेम'. संस्कृतात स्कंध म्हणजे खोड, तेव्हा 'स्कंधपेशी' हे त्या इंग्रजीचं इमानदार भाषांतर. पण मराठी कानाला त्यात खांदाच ऐकू येतो. आपल्याकडे कुलवृत्तांतात पहिलं नाव असतं मूळपुरुषाचं. हेकेलच्या मनातलं नातं नेमकं तेच, म्हणून माझा कौल 'मूल'ला. समासात तत्सम रूप घ्यायचं, जसं मूलद्रव्य. 'मूळ पेशी' म्हटलं तर नुसती 'आधीची पेशी' असा अर्थ होतो. (नाळेतल्या रक्तातल्या मूलपेशी साठवण्याच्या जाहिरातीत बाळाचा फोटो पाहून 'मूलपेशी म्हणजे मुलाच्या पेशी ना?' असं मला एकांनी विचारलं होतं. चूक त्यांची नव्हे.)

खरी गोची 'वाढल्या' या क्रियापदात आहे. डेंग्यूत 'पेशी कमी झाल्या, आता वाढल्या' म्हणतो, तेव्हा आपण प्लेटलेट मोजत असतो. ती सवय इथे चालत नाही. रक्तदाबाशी झुंजणाऱ्या हृदयात पेशींची संख्या फारशी वाढत नाही, असलेली एकेक पेशी जाड होते. तालमीत दंड भरतात तसं. फक्त इथलं भरणं पुढे हृदयाला महागात पडतं. म्हणून 'पेशी जाडावल्या' म्हणा.

मग मूलपेशी? अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनवरून २००९ मध्ये हृदयपेशींचं वय काढलं गेलं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. या मोजक्या पेशीही प्रामुख्याने जुन्या स्नायूपेशींच्याच विभाजनातून येतात. हृदयात स्नायू घडवणाऱ्या खास मूलपेशी असतात, हा हृदयसंशोधक पिएरो अन्वेर्सा यांचा गाजलेला दावा टिकला नाही; २०१८ मध्ये हार्वर्डने त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं सांगितलं. झटक्यानंतर मेलेल्या स्नायूच्या जागी मुख्यतः व्रण उरतो, म्हणून तिथे 'भरून आलं' म्हणताना जपून.

हिंदी लेख वाचत असाल तर आणखी एक खड्डा आहे: तिकडे 'पेशी' म्हणजे आपला स्नायू आणि 'स्नायु' म्हणजे मज्जातंतू.