पीसीसाठी महागडे नॉक्टुआ फॅन घ्यावेत की स्वस्तातले चालतील? पाच घ्यायचेत, आवाज कमी हवा, दुकानदार म्हणतो जास्त सीएफएमवाले घ्या.

स्वस्तातले घ्या. पाच नको, तीन घ्या, आणि वाचलेले पैसे पुढून जाळी असलेल्या कॅबिनेटमध्ये घाला. एवढ्यावर थांबलो असतो, पण ते ‘जास्त सीएफएमवाले घ्या’ (सीएफएम म्हणजे फॅन मिनिटाला किती घनफूट हवा ढकलतो तो आकडा) वाचलं आणि डोकं फिरलं. हे वाक्य मी आमच्याच घरात लय वेळा ऐकलंय.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचा फौंड्रीचे ब्लोअर बनवायचा कारखाना आहे, वडिलांपासूनचा. दाजींचं कॉम्प्युटरचं दुकान. साहजिकच घरचा पीसी त्यांनीच जोडून दिला. पुढे अख्खी काच, काचेमागे तीन रंगीबेरंगी फॅन, वर दोन, मागे एक. सगळे एका हबवर आणि हबला सरळ बारा व्होल्ट. लाइटचा रिमोट दिला, स्पीडचा काही नाही. रात्री ड्रॉइंग काढायला बसलो की आतल्या खोलीतनं आई विचारायची, “आत्ता मिक्सर कुणी लावलाय?” एवढं करून प्रोसेसर तापायचा तो तापायचाच.

दाजींना बोललो तर म्हणाले, “पाव्हणं, बॉक्सवर सीएफएम छापलंय की, वाचा. वारा त्यो वारा, त्यात कसलं इंजिनिअरिंग?”

आता दाजींना उलटं बोलायचं म्हणजे बहिणीचा फोन येणार. म्हणून बोललो नाही, उदबत्ती लावली. काचेच्या कडेला बोटभर फट होती, तिथं धरली. खालच्या बाजूला धूर आत ओढला जात होता. वरच्या कोपऱ्यात मात्र तोच धूर काचेमागनं वळून परत बाहेर येत होता. म्हणजे आतली गरम हवाच फिरून फॅनच्या तोंडाला. काच काढून बाजूला ठेवली, तेच फॅन, तेच काम, तापमान सात-आठ अंश खाली. दाजी बघत होते. म्हणाले, “काच काढल्यावर शो जातोय.”

बॉक्सवरचा सीएफएम पुढे काहीच अडथळा नसतानाचा असतो. शेजारी मिलिमीटरमध्ये जो स्टॅटिक प्रेशरचा आकडा असतो, तो हवा पूर्ण अडवल्यावरचा. दोन्ही एकदम कधीच मिळत नाहीत, फॅन चालतो तो मधे कुठंतरी. कुपोलाचा, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीचा, ब्लोअर विकताना आम्ही हवा किती एवढंच विचारत नाही, कोकच्या थरातनं ती ढकलायला दाब किती लागणार तेही विचारतो. पीसीत काच, फिल्टर, पाण्याच्या कूलरचा रेडिएटर हाच तो थर.

आवाजाचं गणितही ब्लोअरचंच. स्पीड निम्मा केला तर हवा निम्मी, दाब चौथा हिस्सा, वीज आठवा हिस्सा, आणि आवाज साधारण १५ डेसिबल कमी. म्हणून आर्क्टिक पी१२ सारखा १८०० आरपीएमचा साधा फॅन हजारच्या आसपास फिरवला की काम भागतं. उलट त्याच स्पीडला एकाचे तसलेच दोन केले की तीन डेसिबल वाढतात. जाळीच्या कॅबिनेटला पुढे दोन, मागे एक, बास.

नॉक्टुआला नावं ठेवत नाही. एनएफ-ए१२x२५ मध्ये पात्याचं टोक आणि फ्रेम यात अर्धा मिलिमीटर फट ठेवलीय, आणि फिरून फिरून पाती ताणून घासू नयेत म्हणून प्लास्टिकही खास वापरलंय. ज्यानं इम्पेलर बॅलन्स केलेत त्याला हे बघून हात जोडावेसे वाटतील. पण एकाच्या पैशात साधे तीन येतात. तो रेडिएटरवर किंवा प्रोसेसरच्या कूलरवर लावा, तिथं दाब लागतो. कॅबिनेटच्या मागच्या भोकाला लावणं म्हणजे नुसती हौस. आमच्या कारखान्यातल्या पीसीला तर मिळेल तो फॅन चालतो, शेजारी ग्राइंडर चालू असतो.

घेतल्यावर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला किती स्पीड ते, सेट करा. साठ अंशांपर्यंत स्पीड हलूच देऊ नका. एकसारखा आवाज कान विसरतो, वरखाली होणारा विसरत नाही. फॅन चार पिनचेच घ्या. तीन पिनचे असतील तर मदरबोर्डवर डीसी मोड (व्होल्टेज कमी करून स्पीड कमी करणारा) लावावा लागतो, नाहीतर ते फुल स्पीडनंच पळतात.

आणि हो, हे सगळं साध्या पीसीचं. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर तीन पुरणार नाहीत, मग तुमचे पाच बरोबर. एप्रिलात खोलीच चाळीसला गेली तर कुठलाही फॅन प्रोसेसरला चाळीसच्या खाली नेणार नाही. छताला आडवा बसवायचा असेल तर साधा स्लीव्ह बेअरिंगवाला घेऊ नका, लवकर खडखडतो. जाळीतनं धूळ जास्त येते हेही खरं, दाजींचा तो एक मुद्दा मान्य. पण फिल्टर काढून नळाखाली धरायला दोन मिनिटं लागतात.

परवा बहिणीकडे गेलो होतो. दाजींच्या स्वतःच्या पीसीला जाळीचं कॅबिनेट. विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाईकानं परत केलेलं, पडून होतं.