सॉर्टिंग सेंटरमध्ये रोबो आले की माणसं लागणारच नाहीत का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या सेंटरमध्ये रोबो येणार आहेत, तर पार्सलचं सगळं काम तेच करतील का. अशी यंत्रं बसवून देण्याच्या कामात मी काही वर्षं होतो. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगतो.

सॉर्टिंग म्हणजे कुठलं पार्सल कुठल्या गावाला हे ठरवणं, आणि ते यंत्राला कधीच जमलंय. पार्सल स्कॅनरखालून जातं, चारी बाजूंचे कॅमेरे बारकोड शोधतात, वजन-माप तिथेच होतं. पुढे क्रॉस-बेल्ट सॉर्टरवर प्रत्येक पार्सलला एक छोटा आडवा पट्टा मिळतो. ठरलेल्या च्यूटसमोर, म्हणजे पार्सल खाली घसरत जाणाऱ्या उतरंडीसमोर, आला की तो फिरतो आणि पार्सल बाजूला टाकतो. मोठा सॉर्टर तासाला दहा हजारांवर पार्सलं सहज काढतो. याला कुणी रोबोही म्हणत नाही.

२०१७ मध्ये चीनमधल्या एका सेंटरचा व्हिडिओ जगभर फिरला होता, आठवतोय? छोटे नारिंगी रोबो पाठीवर पार्सल घेऊन पळतात, आपापल्या भोकाशी थांबतात आणि ताट कलतं करून पार्सल खाली सोडतात. तो पुन्हा बघा, पण या वेळी रोबोच्या पाठीवर पार्सल ठेवतं कोण तेवढंच बघा. माणूस ठेवतो.

खरी मेख तिथेच आहे. गाडीतून पार्सलं येतात ती ढिगाने, एकावर एक. त्यातून एकच उचलायचं आणि पट्ट्यावर सुटं ठेवायचं. आता इथे रोबोचे हात लावतात. वर कॅमेरा, टोकाला हवा ओढून वस्तू धरणारा रबरी सक्शन कप. खोकं असेल तर अगदी झकास चालतं. घोळ होतो तो प्लास्टिकच्या पिशव्यांचा. पिशवीला सुरकुती असली की कपाच्या कडेने हवा आत शिरते, फुस्स आवाज येतो आणि पिशवी अर्ध्या वाटेत निसटते. काळं चकचकीत प्लास्टिक असलं तर कॅमेऱ्याला पिशवीची कड कुठे संपते हेच नीट कळत नाही. आणि सगळ्यात डोकेदुखी म्हणजे जोडपार्सल: वरचं उचलताना सुटलेल्या चिकटपट्टीला लटकून खालचंही येतं. कॅमेऱ्याने किंवा वजनाने ते पकडलं तर ठीक, नाही तर एक पार्सल भलत्याच गावाला जाणार.

२०१५ मध्ये अमेझॉनने रोबोंना कप्प्यांतून वस्तू उचलायला लावणारी स्पर्धा ठेवली होती. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचा संघ पहिला आला. त्यांच्या रोबोच्या हाताला चक्क व्हॅक्यूम क्लीनरची नळी होती, आणि २० मिनिटांत त्याने १२ पैकी १० वस्तू काढल्या. आपण चहाचा कप हातात धरून त्या काढल्या असत्या! तेव्हापासून गाडी बरीच पुढे गेलीय, पण अवघड जागा तीच आहे.

गाडी रिकामी करण्याचं काम मात्र रोबोंनी खुशाल घ्यावं असं माझं मत. बॉस्टन डायनॅमिक्स या कंपनीचा स्ट्रेच नावाचा रोबो सुमारे २३ किलोपर्यंतची खोकी उचलतो. बंद कंटेनरमध्ये उकाड्यात तेच करून ज्याची कंबर धरलीय त्याला विचारा. अर्थात आत नुसती खोकी हवीत. पोती, गुंडाळ्या, सायकलचं चाक असं मिसळलं की पुन्हा माणूस.

तुम्ही तिथे काम करत असाल तर रिजेक्टच्या टेबलाकडे लक्ष ठेवा. फाटलेलं लेबल, ओला झालेला बारकोड, आत काहीतरी फुटून गळणारी खोकी, सगळं तिथे येतं. शिवाय च्यूट तुंबला की लाइन थांबवून तो मोकळा करणारा, सक्शन कप झिजले की बदलणारा, हीही कामं निघतात. एका ठिकाणी आराखड्यात त्या कोपऱ्यासाठी दोन माणसं धरली होती. सणाच्या गर्दीत तिथे सहा जण उभे होते, आणि सातव्यासाठी फोन चालू होता.