‘उठावाचे तिकीट’ म्हणावे की ‘ठशाचे’?

ज्या टपाल तिकिटावर राणीचे मस्तक कागदातून वर आलेले असते, त्या एम्बॉस केलेल्या तिकिटाला मराठीत ‘ठशाचे’ म्हणावे, ‘कोरीव’ म्हणावे की ‘उठावदार’, असे चोपड्याच्या एका वाचकाने विचारले आहे. मी ‘उठावाचे तिकीट’ म्हणेन, कारण ते तिकीट जसे घडते, तसेच त्याचे नाव असावे.

पोलादी ठशात आकृती खोलगट कोरलेली असते. ठशाच्या सपाट भागाला शाई लावून त्यावर कागद ठेवतात आणि मागून चामड्यासारख्या दबणाऱ्या वस्तूने जोर देतात. कागद खळग्यात शिरतो, तेथे शाई पोचत नाही, आणि रंगीत जमिनीवर पांढरे मस्तक उठते. जळगावच्या सराफ बाजारात मी याच जातीचे काम अगदी जवळून पाहिले आहे. कारागिराने सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठेवला, त्यावर शिशाचा तुकडा ठेवून हातोडीचे ठोके दिले, आणि पत्रा उचलून त्यावर अंगठा फिरवत तो म्हणाला, “देखा, नक्षी वर उनी.” पत्र्याच्या मागे तेवढाच खळगा पडला होता.

म्हणून ‘कोरीव’ चालणार नाही. कोरला जातो तो ठसा, कागद नव्हे. ‘ठसा’ हत्यारालाही म्हणतात आणि उमटलेल्या खुणेलाही, त्यामुळे ‘ठशाचे तिकीट’ म्हटल्यावर कोणी टपालाचा शिक्का मारलेले तिकीटही समजेल. ‘उठावदार’ मात्र विचार करण्यासारखा आहे. पण आज उठावदार रंग म्हणजे नजरेत भरणारा रंग, आणि नोटेवरच्या छपाईलाही उठावदार म्हणतात, जिथे कोरलेल्या रेघांतली शाई कागदावर थर होऊन बसते.

‘उठाव’ हा ‘उठणे’चा, आणि ‘उठणे’ मुळात ‘उत् + स्था’चा; शिल्पकलेतला ‘उत्थित’ त्याचाच सख्खा भाऊ. आपल्याकडे केळीला उठाव असतो आणि इतिहासात १८५७चा उठाव असतो, तरी तिकिटाशेजारी तो शब्द आला की अर्थात घोटाळा होत नाही.

या शब्दाची खरी कसोटी सिंधच्या १८५२च्या अर्ध्या आण्याच्या तिकिटात आहे. बार्टल फ्रियर यांनी (हेच पुढे १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते आणि खानदेश त्यांच्याच इलाख्यात होता) ती तिकिटे सुरू केली. त्यांचा लाल, लाखेसारखा प्रकार ठिसूळ असल्याने तडकत असे, निळा शाईचा होता, आणि पांढऱ्या प्रकारात शाईच नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह, भोवतीची अक्षरे, किंमत, सारे काही निव्वळ उठावाचे. ते वाचायचे तर कागद तिरप्या उजेडात धरावा लागतो.