अमेरिकेतील वसाहतींचा करविरोध स्वातंत्र्ययुद्धापर्यंत कसा पोहोचला?

असंतोष करांमुळे पेटला, पण त्याला युद्धाच्या उंबरठ्यावर आणले ते १७७४ च्या दंडात्मक कायद्यांनी. १७६५ चा मुद्रांक कायदा (कागदपत्रांवर कर लादणारा) ब्रिटिश संसदेने वर्षभरात मागे घेतला होता, मात्र डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टनला ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या गेल्यावर संसदेने या कायद्यांद्वारे ते बंदरच बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सचे स्वशासनाचे अधिकार छाटले, त्यामुळे तेरांपैकी बारा वसाहती फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, एकत्र आल्या. एप्रिल १७७५ मध्ये काँकर्ड येथील शस्त्रसाठा ताब्यात घ्यायला निघालेल्या ब्रिटिश सैन्याशी लेक्सिंग्टनला चकमक झडली. अर्थात, तेव्हाही स्वातंत्र्य हे सर्वमान्य ध्येय नव्हते. जुलैमध्ये काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज धाडला होता, तो त्याने स्वीकारलाच नाही.