भाडे अकरा हजार, विम्याचा हप्ता साडेबारा हजार

सांगलीच्या विश्रामबागेत भाड्याने राहणाऱ्या एका प्राध्यापकांचा प्रश्न आहे : दरमहा ११ हजार रुपये भाड्यात वाया घालवण्यापेक्षा गावभागात ४५ लाखांचा फ्लॅट घ्यावा का? वय ३४, विनाअनुदानित महाविद्यालयातील नोकरी, हातात येणारा पगार ५८ हजार, पण तो अधूनमधून दोन-दोन महिने रखडणारा. पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी त्यांच्यावर अवलंबून, बँकेत नऊ लाखांच्या ठेवी. पत्राच्या शेवटी ते जाता जाता लिहितात, ‘बँकेतच पाच वर्षांची आणखी एक एफडी आहे, वर्षाला दीड लाख भरतो, दोन हप्ते झाले, तिसरा पुढच्या महिन्यात आहे.’

ती एफडी नाही. मुदत ठेवीला दरवर्षी हप्ता नसतो. तुम्ही जोडलेल्या कागदावर विमा रक्कम १५ लाख, हप्ते १० वर्षे आणि मुदत २० वर्षे असे स्पष्ट छापले आहे. म्हणजे १५ लाख भरायचे आणि, त्याच कागदानुसार, विसाव्या वर्षी ३० लाख घ्यायचे. हा परतावा वर्षाला जेमतेम साडेचार टक्के पडतो, तर पीपीएफवर ७.१ टक्के व्याज मिळते. ज्या टेबलावर ठेवीची पावती मिळते, त्याच टेबलावरून ही पॉलिसी ‘एफडीसारखीच’ म्हणून माथी मारली जाते, याची मला अतिशय चीड आहे. तुम्ही ज्याला वाया जाणे म्हणता ते भाडे महिन्याला ११ हजार आहे आणि हा हप्ता महिन्याला साडेबारा हजार पडतो. भाड्याच्या बदल्यात निदान डोक्यावर छप्पर मिळते. या पॉलिसीतून तुमच्या पश्चात घरच्यांना १५ लाख मिळतील, म्हणजे जेमतेम दोन वर्षांच्या पगाराइतके.

तिसरा हप्ता भरण्यापूर्वी विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज पॉलिसी मोडल्यास (सरेंडर केल्यास) किती मिळेल, आणि पुढचे हप्ते बंद करून पॉलिसी पेड-अप केल्यास विसाव्या वर्षी किती मिळेल. भरलेल्या तीन लाखांपैकी किमान ३० टक्के, म्हणजे ९० हजार, परत मिळायला हवेत. नुकसान होईल, परंतु ते वाचवण्याच्या आशेने आणखी १२ लाख ओतू नका. पाच वर्षांची ठेव सांगून पॉलिसी दिल्याची लेखी तक्रार आधी बँकेकडे व कंपनीकडे आणि दाद न लागल्यास विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर करा. मात्र हप्ते बंद करण्याआधी एक कोटीचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना रक्कम देणारा विमा) घेऊन ठेवा. धूम्रपान करत नसाल तर या वयात तो वर्षाला साधारण १५ हजारांच्या आत बसतो. महाविद्यालयाकडून आरोग्य विमा नसेल, तर तोही कुटुंबासाठी स्वतंत्र घ्या.

आता फ्लॅट. नऊ लाख स्वतःचे घातले तरी मुद्रांक शुल्क व नोंदणीचे सुमारे तीन लाख कुठून आणणार? उरलेल्या ३६ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी, ३१ हजारांचा हप्ता येतो. त्यात पॉलिसीचे साडेबारा हजार मिळवले की हातात साधारण १४ हजार उरतात, आणि पगार रखडला की तेही नाहीत. ४५ लाखांच्या घराचे वर्षाचे भाडे १ लाख ३२ हजार, म्हणजे किमतीच्या तीन टक्क्यांहून कमी, असताना भाडेकरू म्हणून तुम्ही स्वस्तात राहत आहात. पाच वर्षांत भाव दुप्पट होतील, असे बिल्डर सांगतो. त्यासाठी दरवर्षी सुमारे १५ टक्के वाढ लागेल, आणि तीही अशा भागात, जिथे २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शिरले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. पाचव्या मजल्यावर पाणी चढत नाही हे खरे, पण पार्किंग, लिफ्ट, वीज आणि पुनर्विक्रीचा भाव खालीच असतो. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते, हे पाहिल्याशिवाय टोकनही देऊ नका.

माझे मत : आणखी तीन वर्षे विश्रामबागेतच भाड्याने राहा. नऊ लाखांतील तीन लाख पगार रखडण्याच्या महिन्यांसाठी बाजूला ठेवा आणि पॉलिसीचे वाचणारे पैसे विम्याचे हप्ते भागवून पीपीएफ व इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) घाला. भाडेकरार अजून साध्या स्टॅम्प पेपरवर असेल तर नोंदणीकृत करून घ्या. घरातील सामानासाठी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी भाडेकरूलाही मिळते आणि तिच्यात पूर येतो. ती जूनच्या आत घ्या.